बाल्कनीतली पूर्व

नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभं राहून मी वडिलांना हात लांब करून सांगितलं, "अण्णा, ही पूर्व."

ती पश्चिम होती.

चूक कुणाच्याही हातून होते, पण मी भूगोल शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. अंबड रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीपासून आठवीपर्यंतची पोरं माझ्या हाताखालून गेली आणि त्यातल्या एकूण एक पोराला मी पटांगणात उभं करून शिकवलंय : उगवत्या सूर्याकडे तोंड करा, समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण, डाव्या हाताला उत्तर. बायको सांगते की हे मी झोपेतही म्हणतो. एकदा म्हणे डावा हात तिच्या नाकावर आपटून मी "उत्तर" असं स्पष्ट म्हणालो होतो.

झालं असं की बिल्डरनं दिलेल्या कागदावर फ्लॅटचा नकाशा होता. नकाशात वर उत्तर असते, हेही माझंच वाक्य. त्या कागदावर मात्र दिशेचा बाण कोपऱ्यात, मुंगीएवढा आणि खाली तोंड करून छापलेला होता. तो मी पाहिला नाही. बाण शोधायची गरज भूगोल न येणाऱ्या माणसाला असते, असं माझं मत होतं. त्यात आम्ही राहायला आलो ते झडीत. श्रावणात आमच्याकडं झड लागते तेव्हा आभाळ घोंगडीसारखं खाली येतं आणि आठ-आठ दिवस सूर्य कुठं आहे ते कळत नाही. दिवसभर सगळीकडं सारखाच राखाडी उजेड. ओल्या खोक्यांवर प्लॅस्टिक टाकून आम्ही सामान हलवलं आणि त्याच आठवड्यात मी गावाहून अण्णांना घेऊन आलो. रोज ज्या अंबड रस्त्यानं शाळेला जातो तो दक्षिणेला जातो हे मला पाठ होतं; पण तो रस्ता आणि ही बाल्कनी यांची डोक्यात गाठ घालावी, एवढं काही मला सुचलं नाही.

अण्णांनी बाल्कनीकडं पाहिलं. मग मान वळवून पाठीमागच्या भिंतीकडं पाहिलं. पुन्हा बाल्कनीकडं.

"बराबर हाये का?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल बराबर."

"बरं, गुरुजी."

मला नोकरी लागली तेव्हापासून अण्णा मला गुरुजी म्हणतात. अर्धं कौतुकानं, अर्धं चेष्टेनं. कुठलं अर्धं चालू आहे ते आवाजावरून ओळखायचं. त्या दिवशी ते पुरतं कौतुकानं बोलले. तेच नडलं.

त्यांची खाट मी दक्षिणेला उशी करून लावली. म्हणजे खरं तर उत्तरेला. जिवंत माणसाचं डोकं कोणी उत्तरेला करत नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. आणि मी जन्मदात्या बापाला नऊ रात्री तसं झोपवलं, वर पांघरूणही नीट घातलं.

अण्णांना आणण्यामागं एक कारण सांगायचं होतं आणि एक न सांगायचं. सांगायचं असं की आई गेल्याला दोन वर्षं झाली होती, परतूरच्या अलीकडं दुधनेच्या काठी असलेल्या आमच्या गावात ते एकटेच होते, गुडघा दुखत होता, शेत दुसऱ्याला बटईनं, पिकाच्या वाट्यावर दिलेलं होतं. "पोळ्यापर्यंत या, पटलं तर राहा," असं मी म्हणालो. न सांगायचं कारण असं की मला ते हवे होते. अकराव्या वर्षी मला जालन्याच्या वसतिगृहात ठेवलं, नंतर कॉलेज, नंतर नोकरी. हिशेब केला तर जाणत्या वयात मी अण्णांबरोबर सलग पंधरा दिवससुद्धा राहिलेलो नाही. सुट्टीला जायचो तेव्हा ते शेतात असायचे आणि मी परत निघायचो तेव्हाही ते शेतातच असायचे. वसतिगृहात पहिल्यांदा सोडताना त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि म्हणाले, "सकाळी दिवसाकडं तोंड कर. समोर आन् उजवा हात, ह्याच्या मधोमध आपलं गाव. आठवण आली की तिकडं पाहायचं." मी वर्षभर रोज सकाळी पाहिलं. तिकडं एक जिनिंग फॅक्टरी होती. तिच्या पत्र्यावरच मी माझं घर, आई आणि गाय अशी सगळी मांडामांड करून घ्यायचो.

'दिवसाकडं' म्हणजे सूर्याकडं. आमच्या भागात सूर्याला दिवसच म्हणतात. दिवस निघाला, दिवस कलला, दिवस बुडाला. सूर्य हा शब्द पुस्तकात आणि पंचांगात. अण्णांनी जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नाही. त्यांचं माप कासऱ्याचं. कासरा म्हणजे बैलाला हाकायची दोरी. ती आभाळाला लावायची. कासराभर दिवस वर आला की न्याहारी, कासराभर राहिला की औतं सोडायची. आणि मोठं माप नक्षत्रांचं. जून, जुलै हे महिने त्यांच्या तोंडी मी कधी ऐकले नाहीत. माझा जन्म कधीचा, असं विचारलं की ते सांगत, "हत्तीच्या पावसात. ज्वारीची पेरणी तुझ्यामुळं चार दिवस लांबली." हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र, आश्विनाच्या आसपासचं. शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म एक जूनचा आहे. तो मास्तरांनी स्वतःच्या सोयीनं घातलेला. दोन्हींतला खरा कोणता, हे सांगायची गरज नाही.

पाचवीत असताना सुट्टीला घरी आलो तो नवं ज्ञान घेऊनच. अण्णा विहिरीवर, मोटेचं पाणी पडायचं त्या जुन्या थारोळ्यावर बसून भाकरी खात होते. मी म्हणालो, "अण्णा, दिवस फिरत नसतो. तो उभा असतो. आपण फिरतो."

अण्णांनी घास संपवला. "आत्ता फिरून राह्यलो का आपण?"

"हो."

"मंग हे पाणी कसं सांडंना?" त्यांनी तांब्या दाखवला.

मी म्हणालो, "लई हळू फिरतो."

"हळू म्हंजे किती?"

मी पुस्तकातला आकडा सांगितला. तो अजिबात हळू नव्हता. अण्णा आईकडं बघून म्हणाले, "ऐक. पोरगं म्हंतं, आपण रेल्वेच्या बापाच्या जोरानं पळून राह्यलो. आन् तू म्हंती मी दिवसभर जागचा हलत न्हाई." आई तोंडाला पदर लावून हसली.

पण त्यांनी मला उडवून लावलं नाही. सुट्टी संपून निघताना म्हणाले, "तुझ्या मास्तरला एक इचार. दिवस मृगात कधी जातो?" मी विचारलं. मास्तरांनी ताबडतोब सांगितलं, सात किंवा आठ जूनला. पुढच्या सुट्टीत हे उत्तर मी अण्णांना दिलं. ते म्हणाले, "उभा हाये बी म्हंतो आन् जातो बी म्हंतो. मास्तर हुशार दिसतो, दोन्हीकडून बोलतो."

तोच मास्तर आता मी आहे. मेणबत्ती लावून आणि चेंडू फिरवून मी पोरांना सांगतो की सूर्य उगवत नाही आणि मावळत नाही, आपल्याला तसा भास होतो. पोरं ते लिहून घेतात. मग मी घड्याळ पाहतो आणि म्हणतो, "चला, आभाळ आलंय, दिवस बुडायच्या आत घरी पोचा." आजवर एकाही पोरानं मला त्यावर पकडलं नाही. त्यांनाही ते दोन्ही एकाच वेळी खरं वाटत असणार. मोबाइलवर रोज येतं : सूर्योदय सहा वाजून पाच मिनिटं. एवढा शहाणा मोबाइल, पण 'आज तुम्ही सहा वाजून पाच मिनिटांनी सूर्याकडे वळाल' असं काही तो म्हणत नाही.

तर, नऊ दिवस.

अण्णा सकाळी अंघोळ करून बाल्कनीत जायचे, तांब्याभर पाणी कुंडीत सोडून हात जोडायचे आणि येऊन खाटेवर बसायचे. दिवसभर बसूनच असायचे. खाली जायचं नाही, गच्चीवर जायचं नाही. मी म्हणायचो, "अण्णा, कोपऱ्यावर देऊळ आहे, चक्कर मारून या." ते म्हणायचे, "बसतो की. बरं हाये हितं." मला इतकं बरं वाटायचं! शाळेतून घरी यावं तर अण्णा आहेत. दार उघडताच त्यांची टोपी दिसते आहे. मी चहा घेऊन त्यांच्या खाटेच्या कडेला टेकायचो आणि शाळेतल्या गोष्टी सांगायचो. ते ऐकायचे. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस शाळा सुटल्यावर बापाला शाळेत काय झालं ते सांगतोय. चाळीस वर्षांची थकबाकी मी दररोज संध्याकाळी वसूल करत होतो. स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना सांगितलं, "आमचे अण्णा एकदम रमले."

बायकोला ते पटत नव्हतं.

"रमलेला माणूस इतक्या येळा टाइम विचारत न्हाई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आज सात येळा विचारलं. सूनबाई, किती वाजले? पंधरा मिनटांनी परत, किती वाजले? दिवसाकडं पाहून स्वतःच टाइम सांगून ज्यांनी मला लग्नानंतर घड्याळ पाहू दिलं न्हाई, ते विचारून राह्यले. आन् काल संडासातून बाहेर येताना भिंत धरून उभे होते. मी म्हणाले, चक्कर आली का? तर म्हणाले, न्हाई, घर कुणीकडून कुणीकडं हाये ते पाहतोय."

मी म्हणालो, "वय झालं." हे मी अगदी सहज बोलून गेलो.

आठव्या दिवशी तिच्या आग्रहानं अण्णांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, आज तारीख काय?"

"श्रावण शुद्ध नवमी," अण्णा म्हणाले. "आश्लेषा सरायला आल्या. परवा मघा लागतील. वाहन कोल्हा."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "बरोबर आहे का?"

मला काय माहीत? मी मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं. नवमी बरोबर निघाली, नक्षत्राचं वाहन असलेला कोल्हा मात्र सापडला नाही.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता सांगा, सूर्य कुणीकडून उगवतो?"

एवढा सोपा प्रश्न. हातातली टोपी त्यांनी दोन वेळा फिरवली. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ते आता गुरुजीला इचारा."

आवाजात चेष्टा शोधली. नव्हती. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, वयानुसार थोडा विसर पडतो, जागा बदलली की जास्त जाणवतं, लक्ष ठेवा. रिक्षात अण्णा माझ्या शेजारी बसले होते, त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. असा हात त्यांनी कधी ठेवला नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं. पण खरं लिहायचं तर तो हात तिथून काढला जाऊ नये म्हणून मी गुडघा हलवत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी झड फाटली. मी शाळेत होतो. सहाच्या सुमाराला घरी आलो तर दारातच बायको, तोंडावर बोट ठेवून. आत अण्णा धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून, चहा घेत बसलेले.

मला पाहून म्हणाले, "गुरुजी, आज शाळेला जायला उशीर केला?"

माझ्या पायातली एक चप्पल काढलेली आणि एक तशीच राहिली.

बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळू आवाजात सांगितलं. अण्णा दुपारी झोपले होते. साडेपाचला उठून बाल्कनीत गेले तर लख्ख ऊन. बाल्कनीसमोर नुसते मोकळे प्लॉट, त्यांच्यावर दिवस कासरा-दीड कासरा वर. अण्णा म्हणाले, "सूनबाई, आज लई झोपलो मी, जल्दी पाणी काढ." अंघोळ केली, पाणी सोडलं, हात जोडले. "मी काही बोलले न्हाई," बायको म्हणाली. "सकाळचा म्हणून चहा दिला. मला धडकी भरली हो."

आम्ही दोघं बाल्कनीच्या दारात जाऊन उभे राहिलो. लांब एका अर्धवट बांधलेल्या भिंतीच्या वर दिवस तांबडा होत चालला होता. बायको त्याच्याकडं पाहत राहिली. मग माझ्याकडं वळली. अगदी शांतपणे, मुलाचा गृहपाठ तपासावा तशी म्हणाली, "अहो. हा पूर्वेला मावळून राह्यलाय."

मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा माझ्या वर्गातल्या सगळ्यात ढ पोरालाही लागला नसता. आणि कळल्यावर जे पहिल्यांदा मनात आलं ते इथं लिहून टाकतो, कारण ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. मनात आलं, बोलू नये. अण्णांना सकाळ-संध्याकाळ कळत नाही असंच राहू द्यावं. डॉक्टर म्हणालेच आहेत. ज्याला दिशा कळत नाही तो माणूस एकटा गावाकडं राहू शकत नाही. तो इथंच राहील, या खाटेवर. मी शाळेतून येईन आणि दारातून टोपी दिसेल. किती क्षण गेले ते माहीत नाही. बायको माझ्याकडं पाहत होती एवढं खरं.

मी आत जाऊन खाटेच्या कडेला टेकलो.

"अण्णा, माझी चूक झाली. ती बाल्कनी पूर्वेला न्हाई. पश्चिमेला हाये. मी उलटं सांगितलं. आत्ता संध्याकाळ हाये."

अण्णांनी कप खाली ठेवला.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"म्हंजे तिकडं पूर्व." त्यांनी पाठीमागच्या भिंतीला हात लावला. पहिल्या दिवशी ज्या भिंतीकडं पाहिलं होतं, तीच.

"हो."

"म्हंजे माझं डोस्कं जाग्यावर हाये."

"बिलकुल जाग्यावर हाये अण्णा. माझंच न्हाई."

ते इतके हसले की ठसका लागला. बायकोनं पाणी आणलं. डोळे पुसत ते म्हणाले, "सूनबाई, ह्याला नोकरी कशी काय लागली?" आणि मग हसू ओसरल्यावर, माझ्याकडं न पाहता त्यांनी सांगितलं. "मला वाटलं, चकवा लागला."

चकवा ही शेतात लागायची गोष्ट. ओळखीच्या रानात अचानक दिशा उलटतात, माणूस त्याच त्या बांधाला फिरून फिरून येतो. त्यावर उपाय एकच, अण्णांनीच लहानपणी शिकवलेला : चालायचं नाही. आहे तिथं बसायचं आणि दिवस निघेपर्यंत हलायचं नाही.

"आंग म्हणायचं दिवस भिताडाकडून निघतो. तू म्हणायचा, तिकडून. तू शिकलेला. म्हणून म्हणलं आपलंच फिरलं. बसलो मंग. दिवस दिसंस्तवर बसायचं असतंय."

नऊ दिवस ते त्या खाटेवर चकवा उतरायची वाट पाहत बसले होते. आणि मी स्टाफरूममध्ये सांगत होतो, अण्णा रमले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते जिना चढून गच्चीवर गेले. मी मागोमाग. दिवस निघाला तो शेजारच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागून, अगदी त्यांनी दाखवलं होतं तिथून. त्यांनी पाणी सोडलं. मग म्हणाले, "गुरुजी, फिरतं कोण?"

"पृथ्वी," मी म्हणालो. एवढं झाल्यावरही म्हणालो, नोकरीचा प्रश्न आहे.

"फिरू द्या बापडी. पण माणसाला मोजायचं असलं तर एका जागी पाय रोवून उभं राह्याला लागतं का न्हाई?"

त्यानंतरचे अण्णा वेगळेच. तीन मजले उतरून खाली जाऊ लागले. वॉचमनला न पाहता वेळ सांगायचे आणि तो मोबाइल काढून ताडून पाहायचा. आमच्या गच्चीवर त्याच आठवड्यात सोलरचे पॅनल बसवायला माणसं आली होती. त्यांचा मुख्य फिटर मोबाइलमधला होकायंत्राचा काटा धरून फिरत होता. अण्णा म्हणाले, "हे ह्या जागी बसवू नको. पौषात ह्या आपल्या टाकीची सावली पडंल."

"बाबा, आत्ता कुठं सावली आहे?"

"आत्ता दिवस डोक्यावरून जाऊन राह्यला. पौषात तो असा जातो." त्यांनी हातानं आभाळात दक्षिणेकडं झुकलेली एक कमान काढली, शेताचा बांध दाखवावा तशी. फिटरनं टाकीकडं पाहिलं, कमानीकडं पाहिलं, आणि पॅनल तीन हात सरकवले. तेव्हा माझ्या मनात आलं, हा फिटर काही चेंडू आणि मेणबत्ती घेऊन आलेला नाही. त्याचंही काम सूर्य इकडून निघतो, असा जातो आणि तिकडं बुडतो याच्यावरच चाललंय. आजच्या तारखेला, एवढ्या नव्या वस्तूचं.

मी खूश होतो. वाटलं, आता तर अण्णा खरंच रमतील.

मघा लागल्या, आणि एका सकाळी गच्चीवरून उतरताना ते म्हणाले, "मला आता नेऊन घाला."

"का? काय कमी पडलं?"

"कमी काही न्हाई. सूनबाई सोन्यासारखी हाये. पण हितं दिवस टाकीमागून निघतो आन् प्लॉटिंगमधी बुडतो. मला त्याच्या जागा म्हाईत न्हाईत. तिकडं माझ्या ठरल्याल्या हाईत. संक्रांतीला बाभळीपासून निघतो, मृगात म्हसोबाच्या मागून. उत्तरा लागायच्या टायमाला लिंबाच्या शेंड्यावर येतो. तुझी आई अंगणातून हाक मारायची, आला बघा लिंबावर. दोन सालापासून एकटाच पाहतो. ह्या साली पाह्याला कोणीच नसंल."

मी म्हणालो, "इथं नव्या खुणा करा की. ही टाकी धरा, तो टॉवर धरा."

ते जिन्यात थांबले. कठड्यावर हात ठेवून, मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "एका फेऱ्याला वरीस लागतं गुरुजी. आन् एका फेऱ्यानं ध्यानात ऱ्हात न्हाई, चार-पाच पाहावे लागतात." एवढंच. पुढचं गणित त्यांनी माझ्यावर सोडलं. भूगोलवाला असलो तरी तेवढी बेरीज-वजाबाकी मला येते.

मी त्यांना थांबवू शकलो असतो का? कुणास ठाऊक. चकव्यात होते तेव्हा थांबले होते. शहाणे झाले आणि निघाले. आणि त्यांना शहाणं मीच केलं, माझ्या तोंडानं, खाटेच्या कडेला बसून. याचा मला पश्चात्ताप होतो असं नाही. पण संध्याकाळी सहा वाजता दार उघडताना किल्लीचा आवाज जरा जास्त होतो.

पोळ्याच्या आधी आम्ही दोघं त्यांना रेल्वेनं परतूरला आणि तिथून रिक्षानं गावी सोडून आलो. रिक्षातून उतरल्याबरोबर त्यांनी कुणाला न विचारता पिशवी ओट्यावर ठेवली, अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि एकदा सभोवार नजर फिरवली. घरातली माणसं मोजावीत तशी. मग म्हणाले, "चहा पिऊन जल्दी निघा, कासराभर दिवस राह्यलाय." मी पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चेष्टेच्या आवाजात विचारलं, "टेसन कुणीकडं हाये, म्हाईत हाये ना?"

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो. बाहेर कपाशीची रानं मागं पळत होती आणि मला पक्कं ठाऊक होतं की ती पळत नाहीत. ठाऊक असण्याचा काही उपयोग होत नव्हता. घरी आलो. रिकाम्या खाटेकडं पाहून मी बायकोला म्हणालो, "अण्णा गेले."

ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "असं अभद्र बोलू नका. ते कुठं गेले? ते हाईत तिथंच हाईत. जायचं-यायचं काय ते आपल्याला. शनिवारी सकाळचीच शाळा असती ना तुमची? मंग तिकडूनच परस्पर जात जा. दोघांचा डबा देते. आन् तिथं गेल्यावर ह्या डाव्या-उजव्याचं काही शिकवू नका त्यांना, गप पाहत बसा."